खालची रेघ

१

चिमटे रोज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी आपल्या टेबलाशी येत, उभ्यानेच डोळे मिटून देवाचे नाव घेत, आणि मग दिवसभर माणसांना नावे ठेवत.

चिमटे हे त्यांचे खरे नाव नव्हे. तरुणपणी शिशाचे खिळे जुळवताना त्यांच्या बोटांत सदैव चिमटा असे. पुढे खिळे गेले, संगणक आला, चिमटा नाहीसा झाला. बोलण्यात मात्र तो शाबूत राहिला. म्हणून सारा छापखाना त्यांना चिमटे म्हणे, आणि त्यांना त्याचे वाईट वाटत नसे. राग हा सज्जन माणसाचा हक्क आहे, अशी त्यांची समजूत होती. आपण सज्जन आहोत की नाही, याची चौकशी त्यांनी कधी केली नव्हती.

छापखान्यात केवळ तांत्रिक पुस्तिका छापल्या जात: यंत्रांच्या, पुलांच्या, टाक्यांच्या. त्यांतली सूत्रे जुळवण्याचे काम चिमट्यांचे. वर्गमुळाच्या चिन्हावरची छत्री कुठे संपावी, घातांक किती उचलावा, अपूर्णांकाची रेघ किती जाड असावी, यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. तीस वर्षांत त्यांच्या हातून एक चिन्ह चुकून गेल्याची नोंद नव्हती, आणि हे ते दिवसातून एकदा तरी कोणाला तरी ऐकवीत.

त्या सोमवारी टेबलावर एका कारखान्यातल्या वायूच्या टाकीची तपासणी-पुस्तिका होती. नवी आवृत्ती, पाने बावीस. गुरुवारी सकाळी ती टाकी पुन्हा भरायची होती, आणि पुस्तिका त्याआधी टाकीच्या दालनात लागायला हवी होती. चिमट्यांनी पाने लावली, पहिले प्रूफ काढले, आणि पट्टी धरून ओळीओळीने तपासू लागले.

सातव्या पानावर त्यांची पट्टी थांबली.

तिथे एक तक्ता होता. प्रत्येक ओळीत दोन आकडे आणि त्यांच्या मध्ये ≥ हे चिन्ह: वर उजवीकडे मिटणारी चोच, खाली एक आडवी रेघ. डावीकडचा आकडा उजवीकडच्याहून मोठा आहे किंवा त्याच्याइतका आहे, एवढेच ते सांगते. या तक्त्यात ती खालची रेघ मधोमध तुटलेली होती. नुसती तुटलेली नव्हती. तुटलेली दोन्ही टोके जराशी खाली वळली होती, बोलायला उघडताना ओठ वळतात तशी.

सात ओळी होत्या. सातही ओळींत रेघ तशीच होती.

“कोणत्या गाढवाने हे केले?” चिमटे म्हणाले. खोलीत दुसरे कोणी नव्हते.

२

छपाईयंत्राच्या नळकांड्यावर ओरखडा पडला असेल, हा पहिला विचार. परंतु ओरखडा शेजारचे आकडेही कापतो. इथे आकडे स्वच्छ होते. शिवाय ओरखडा पानापानावर उमटतो. चिमट्यांनी सगळे प्रूफ चाळले. ते चिन्ह पुस्तिकेत एकेचाळीस वेळा आले होते. चौतीस ठिकाणी ते धड होते.

त्यांनी सातही चिन्हे पुसली, नव्याने घातली, पान पुन्हा काढले. रेघ तुटलेलीच आली. या वेळी फट किंचित रुंद होती; तिसऱ्यांदा काढले तेव्हा आणखी रुंद.

ते कागद घेऊन शेजारच्या खोलीत गेले. तिथे मुद्रितशोधक बाई बसत. पूर्वी त्या शाळेत गणित शिकवत; ती नोकरी सुटली तरी ‘बाई’ हे संबोधन सुटले नव्हते.

“बाई, हे बघा. माझ्या फायलीत कोणीतरी हात घातलाय.”

“तुमच्या फायलीत? वाघाच्या तोंडात घालेल एखादा, पण तुमच्या फायलीत कोण घालणार?”

“थट्टा पुरे. बघा आधी.”

बाईंनी भिंग काढले. पुष्कळ वेळ त्या वाकून बघत राहिल्या. मग भिंग खाली ठेवून पदराने पुसले. ते पुसण्याची गरज नव्हती.

“हे तुटलेलं नाही, चिमटे. हे असंच काढलेलं आहे. टोकं बघा. हातानं काढल्याशिवाय अशी वळत नाहीत. घरच्या संचातलं असेल.”

घरचा संच म्हणजे त्या छापखान्याचा स्वतःचा चिन्हसंग्रह. एखादे चिन्ह कोणत्याच फॉन्टमध्ये नसले की पानावर त्याच्या जागी एक रिकामा चौकोन येतो. जुळारी त्याला मुका म्हणतात. मुका आला की चिमटे ते चिन्ह स्वतः रेखीत, त्याला क्रमांक देत आणि एका जाड वहीत शाईने नोंदवीत. नियम एकच होता: दिलेला क्रमांक कधी पुसायचा नाही. कोण जाणे, कुठली जुनी फाइल त्याला हाक मारीत असेल.

चिमट्यांनी संच उघडला. तुटक्या रेघेचे चिन्ह तिथे होते. क्रमांक दोनशे बारा.

वहीत शेवटची नोंद दोनशे अकराची होती. तिच्याखालची ओळ कोरी होती.

“झालं! आता माझ्या वहीशिवाय माझा संच वाढतो!” चिमटे ओरडले. “यंत्रावरच्या त्या माणसाला बोलवा. दिवसभर तंबाखू मळायची आणि दुसऱ्याच्या कामात खोड्या काढायच्या!”

यंत्रावरचा माणूस दारात येऊन उभा राहिला. त्याने सगळे ऐकून घेतले. “मी शाई लावतो, चिमटे. रेघा तोडत नाही. आणि तुमच्या संगणकाचं तोंड कुठल्या बाजूला असतं तेही मला ठाऊक नाही,” एवढे बोलून तो निघून गेला.

बाई अजून वहीकडे पाहत होत्या. त्यांनी त्या कोऱ्या ओळीवरून बोट फिरवले, आणि चटका बसावा तसे मागे घेतले.

“हात लावून बघा,” त्या म्हणाल्या.

कागद तिथे उठलेला होता. शिशाचा खिळा जोराने दाबला की कागदाच्या पाठीवर जसा फुगवटा येतो, तसा. शाई नाही, नुसता दाब. आणि तो दाब खालून आला होता. चिमट्यांनी पान उलटले. पुढच्या पानावर तोच फुगवटा. त्याच्या पुढच्यावरही. त्यांनी वही शेवटपर्यंत उलटली, मागचा पुठ्ठा उघडला, आणि पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला बोट लावण्याचे त्यांनी टाळले.

वही मिटून ते म्हणाले, “दमट हवा आहे.”

हवा कोरडी होती.

३

रागीट माणसाला एक सोय असते: भीती वाटली की तो रागावतो, आणि भीती वाटली हे त्याला कळतही नाही. चिमट्यांनी दुपारभर आदळआपट केली. मग चरफडत जुनी आवृत्ती कपाटातून काढली आणि दोन्ही सातवी पाने शेजारी ठेवली.

टाकीला पोलादाचे सात सांधे होते. प्रत्येक सांध्याजवळ पत्र्याची जाडी मोजायची, आणि ती आवश्यक जाडीहून मोठी किंवा समान आहे हे दाखवायचे, असा तो तक्ता होता. नव्या आवृत्तीत मोजलेली जाडी तेरा पूर्णांक आठ मिलिमीटर, आवश्यक तेरा पूर्णांक एक. ठीकच होते. जुन्या आवृत्तीत मात्र आवश्यक जाडी साडेपंधरा होती.

टाकी तीच, वायू तोच, दाबही तोच. मग साडेपंधराचे तेरा कसे झाले?

चिमटे अभियंते नव्हते. पण तीस वर्षे सूत्रे जुळवणाऱ्याला सूत्र वाचता येते. त्यांनी गणकयंत्र घेतले. सूत्रात एक गुणांक होता, सांध्याच्या मजबुतीचा. जुन्या आवृत्तीत तो शून्य पूर्णांक पंच्याऐंशी होता. नव्या आवृत्तीत एक. म्हणजे सांधा अखंड पोलादाइतकाच भक्कम धरलेला. तसे धरायचे तर प्रत्येक सांध्याचे पूर्ण क्ष-किरण चित्र काढलेले असले पाहिजे, अशी तळटीप जुन्या आवृत्तीच्या तिसऱ्या पानावर होती. ती चिमट्यांनीच जुळवली होती. नव्या आवृत्तीत तळटीप नव्हती.

टाकी गंजली होती. पत्रा झिजला होता. पत्रा बदलण्याऐवजी कोणी तरी आकडा बदलला होता.

चिमट्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि त्याच क्षणी त्यांना दिसले की ज्या सात ओळी खोट्या होत्या, त्याच सात ओळींत रेघ तुटली होती.

योगायोग, असे त्यांनी स्वतःला बजावले. शहाणा माणूस पडताळा घेतो. त्यांनी एक कोरे पान उघडले आणि त्यावर लिहिले: ३ ≥ ५. उघडउघड खोटे विधान. चिन्ह धड उमटले. चिमट्यांना हायसे वाटले. यंत्राला खरेखोटे कळत नाही, कळावे कसे?

मग त्यांनी खाली लिहिले: १३.८ ≥ १३.१.

टाकीचे नाव नाही, सांध्याचा क्रमांक नाही, नुसते दोन आकडे. आणि हे विधान तर खरे होते. कुठल्याही शाळेतल्या मुलाने खरे म्हटले असते.

पडद्यावर, त्यांच्या डोळ्यांदेखत, खालची रेघ मधोमध बारीक झाली, थांबली, आणि सुटली.

म्हणजे ते चिन्ह गणित वाचत नव्हते. ते दुसरेच काही वाचत होते.

चिमट्यांनी पडदा बंद केला आणि धाकट्याला फोन लावला. धाकटा म्हणजे त्यांचा सख्खा भाऊ. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता; चिमट्यांनी त्याला हाताला धरून शाळेत घातले, रागावून अभ्यास करवला, आणि लग्नही रागावूनच लावून दिले. त्याच टाकीच्या दालनात तो झडपांवर कामाला होता.

“दादा? या वेळी? कोणावर चिडलायस आज?”

“गप्प बस. तुमच्या टाकीच्या सांध्यांचे फोटो काढले का रे? क्ष-किरणाचे?”

“फोटो? आमचे ओळखपत्रावरचे फोटो अजून काढले नाहीत, टाकीचे कोण काढतो!” धाकटा हसला. “रिकामी आहे सध्या. गुरुवारी भरायची. का रे?”

“काही नाही. पत्रा कसा आहे?”

“जुना आहे. दुपारी टक् टक् करतो. पोलाद आहे, तापलं की फुगतं, असं साहेब म्हणतात. पण ती पुस्तिका येतेय ना, तिच्यात सगळं नीट लिहून येईल. तुझ्याकडेच जुळवायला आहे म्हणे. मी सगळ्यांना सांगितलंय, माझ्या दादाच्या हातचं पान म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.”

चिमट्यांनी फोन ठेवला. ठेवण्यापूर्वी धाकट्याच्या मागून, दूरवरून, एक बारीक आवाज आला होता. टक्.

४

मंगळवारी सकाळी चिमटे दोन्ही आवृत्त्या घेऊन मालकांच्या खोलीत शिरले. दार वाजवले नाही. आत कारखान्याचा अभियंता बसला होता. पांढरा सदरा, शांत चेहरा, बोटांत लेखणी.

“साहेब, ही पुस्तिका मी छापू देणार नाही.”

मालक खुर्चीत मागे टेकले. “सकाळीच? अहो, चहा तरी होऊ द्या.”

“चहा तुम्ही घ्या. या सद्गृहस्थांना विचारा, पंच्याऐंशीचा एक कसा झाला. विचारा, तिसऱ्या पानावरची टीप कोणी खाल्ली.”

अभियंत्याने लेखणी टेबलावर ठेवली. तो रागावला नाही, आणि चिमट्यांना तेच सहन झाले नाही.

“टीप अनावश्यक होती,” तो म्हणाला. “चित्रं काढायची आहेत. पुढच्या महिन्यात.”

“मग टाकी पुढच्या महिन्यात भरा!”

“तुम्ही जुळारी आहात ना?”

“मी माणूस आहे. आणि तुम्ही खोटारडे आहात!”

“चिमटे!” मालक उठले. “हे काम गेलं तर उद्या या दाराला कुलूप लागेल. बाईंनी कुठे जायचं? यंत्रावरच्यानं कुठे जायचं? तुमच्या तत्त्वांनी त्यांची चूल पेटणार आहे का?”

चिमट्यांनी तोंड उघडले. पण अभियंता आधी बोलला, आणि अगदी हळू बोलला.

“तुमचे धाकटे बंधू आमच्याकडेच आहेत, नाही का? कामाला चांगले आहेत. कायम करायच्या यादीत त्यांचं नाव आहे. ही यादीही मीच पाठवतो.”

खोलीत पंखा फिरत होता. चिमट्यांना पुष्कळ काही बोलायचे होते. चौदा वर्षे धाकटा कच्च्या नोकरीवर होता. त्याच्या बायकोला दिवस गेले होते.

“आणि हे,” अभियंत्याने प्रुफावरच्या तुटक्या रेघेवर बोट ठेवले, “हे काय आहे? एवढं साधं चिन्ह तुमच्याकडे नीट येत नाही?”

“दुरुस्त करतो,” चिमटे म्हणाले.

हे दोन शब्द बोलायला फार थोडा वेळ लागला. माणसाचा तोल जातो तेव्हा आवाज होतो असे आपण समजतो. पण खरा तोल असाच जातो, बसल्या खुर्चीत, सभ्य आवाजात. देव सगळ्याच गोष्टी पाहतो. दुरुस्ती या नावाने जे केले जाते, तेही तो पाहतो.

चिमटे टेबलाशी आले. सरसकट बदल ही सोय त्यांनी आयुष्यात कधी वापरली नव्हती. कच्च्या जुळाऱ्यांचा तो आळस आहे, असे ते म्हणत. ती त्यांनी उघडली. दोनशे बाराच्या जागी ≥, सगळीकडे, एका फटक्यात. चिन्हे बदलली. क्षणभराने तुटली.

मग ते संचात गेले आणि त्यांनी दोनशे बारा हा क्रमांकच निवडला. जो नियम त्यांनी स्वतः घातला होता, तोच मोडायला त्यांची बोटे निघाली. पडद्यावर प्रश्न आला: हे चिन्ह कायमचे काढून टाकायचे आहे का?

“हो,” चिमटे दात खाऊन म्हणाले, आणि कळ दाबली.

खालच्या मजल्यावर, यंत्र बंद असताना, काही तरी एकदाच वाजले. टक्.

सातवे पान स्वच्छ निघाले. सातही रेघा सरळ, अखंड, निर्लज्ज.

५

बुधवारी पुस्तिका छापून झाली. दुपारपर्यंत गठ्ठा कारखान्यात पोचला. चिमटे त्या दिवशी सगळ्यांवर खेकसले: कागदवाल्यावर, पंख्यावर, जिन्यावर. बाईंनी अंतिम प्रुफावर सही करायला नकार दिला होता. पानाखाली छापायच्या तपासणी-सहीच्या चौकटीत चिमट्यांनी स्वतःची सही केली होती.

“तुम्ही पुसलंत ना ते?” बाईंनी विचारले.

“छपाईतला दोष होता. दूर केला.”

“वही बघितलीत का नंतर?”

“तुम्हाला दुसरं काम नाही का, बाई?”

बाई वही घेऊन आल्या. दोनशे अकराच्या खालची ओळ सपाट होती. फुगवटा गेला होता, पानापानावरून, पुठ्ठ्यावरूनही. चिमट्यांनी विजयाने मान वर केली. बाईंच्या चेहऱ्यावर मात्र समाधान नव्हते.

“मला कालपर्यंत त्याची भीती वाटत होती,” त्या म्हणाल्या. “आता ते इथे नाही याची वाटते. इथून गेलं, तर कुठे गेलं?”

“गणित शिकवलंत तुम्ही आयुष्यभर. असलं बोलायला लाज वाटत नाही?”

“गणित शिकवलं म्हणूनच विचारतेय, चिमटे. बाकी काहीतरी उरतंच.”

संध्याकाळी सहाला धाकट्याचा फोन आला. त्याचा आवाज उल्हासाने भरला होता. “दादा, पुस्तिका लागली बघ दालनात! सातवं पान भिंतीवर चिकटवलंय, मोठ्या अक्षरांत. तुझी सही आहे खाली. जोडीदारांना दाखवली. म्हटलं, हे बघा, सगळं मोठं किंवा समान. उद्या नऊला भरायला घेणार.”

“बरं.”

“बरं काय? आज चिडला नाहीस कोणावर? तब्येत बरी आहे ना?”

त्या रात्री चिमटे प्रार्थनेला बसले आणि एक शब्दही त्यांच्या तोंडून निघाला नाही. देव ऐकत नसल्याचे दुःख अनेकांना असते. आपले ऐकले जाते आहे, याची धास्ती थोड्यांना ठाऊक असते.

६

गुरुवारी ते साडेसातलाच छापखान्यात आले. उभ्याने डोळे मिटले नाहीत. थेट खण उघडला. सोमवारची प्रुफे त्यांनी जपून ठेवली होती: पहिले, दुसरे, तिसरे, फट वाढत गेलेली. ती घेऊन कारखान्यात जायचे, धाकट्याच्या आणि त्याच्या जोडीदारांच्या समोर टाकायची, आणि ओरडायचे, एवढे त्यांनी पहाटे ठरवले होते. ओरडणे त्यांना येत होते.

पहिले प्रूफ स्वच्छ होते.

दुसरे स्वच्छ होते. तिसरे स्वच्छ होते. सात ओळी, सात अखंड रेघा. कागदही तोच, कडेला त्यांच्या स्वतःच्या तांबड्या पेनाने मारलेल्या खुणाही त्याच. खुणा धड चिन्हांना वेढून बसल्या होत्या, वेड्याने काढल्यासारख्या.

चिमट्यांनी संगणक चालू केला. कोरे पान. १३.८ ≥ १३.१. रेघ सरळ. त्यांनी पुन्हा लिहिले. दहा वेळा लिहिले. पान भरले. संचात दोनशे बारा नव्हता; दोनशे अकरानंतर काहीच नव्हते.

“ये,” ते म्हणाले. मग मोठ्याने, “ये म्हणतो ना! तेव्हा बोलावले नव्हते तर आलास! माझ्या स्वच्छ पानांवर आलास! आता ये!”

ज्याला त्यांनी तीन दिवस शिव्या घातल्या होत्या, त्याच्यासाठी त्यांनी हात जोडले. देवा, एकदा. एकाच ओळीत. एकाच रेघेत. मला दाखवायला काही तरी हवे आहे.

पान स्वच्छच राहिले. त्यांच्या हातचे पान. काळ्या दगडावरची रेघ.

भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजून दहा मिनिटे झाली होती. चिमटे जुनी आवृत्ती तेवढी उचलून जिना उतरले. जिन्यात यंत्रावरचा माणूस भेटला. “सकाळी सकाळी कोणाला फाडायला निघालात?” त्याने विचारले. चिमटे न थांबता खाली उतरले.

७

कारखान्याच्या फाटकापासून टाकीचे दालन दिसत असे: उंच पत्र्याचे छप्पर, सताड उघडे दार, आणि आत आडवी पडलेली ती करडी टाकी, एखाद्या निजलेल्या जनावरासारखी. नऊला पाच कमी होते. पण भरण्याचा आवाज आधीच सुरू झाला होता, एकसुरी, सुस्कारल्यासारखा.

पहारेकऱ्याने अडवले. चिमट्यांनी धाकट्याच्या नावाने अशी हाक मारली की पहारेकरीच बाजूला सरकला. धाकटा हातमोजे काढत बाहेर आला.

“दादा! अरे, इथे काय? कोणी गेलं का?”

“चल. बाहेर ये. आत्ताच्या आत्ता.”

“लवकर सुरू केलंय आज. साहेबांचा हुकूम. झडप सोडून कसा येऊ?”

“ती टाकी फुटेल!” चिमट्यांनी जुनी आवृत्ती त्याच्या छातीवर आदळली. “बघ! साडेपंधरा हवेत. तुमचा पत्रा तेरा-चौदा आहे. आकडा बदललाय त्यांनी!”

धाकट्याने पान पाहिले. मग हसला. त्या हसण्यात विश्वास होता, आणि चिमट्यांना त्याहून मोठी शिक्षा कोणी देऊ शकले नसते.

“ही जुनी आहे, दादा. नव्यात दुरुस्त झालंय. तूच जुळवलंयस. तुझी सही आहे. तुझ्या हातून चूक होते का कधी?”

“चूक नाही झाली,” चिमटे म्हणाले. त्यांचा आवाज एकाएकी खाली आला होता. “मला माहीत होतं. सोमवारपासून माहीत होतं. मी सही केली.”

धाकट्याने जुनी आवृत्ती मिटली.

“का?”

“तुझं नाव यादीत होतं. कायम करायच्या.”

धाकट्याचे डोळे आधी बारीक झाले, मग भरले. आणि त्यांत असा एक संताप उभा राहिला की आयुष्यभर रागाचा व्यापार केलेल्या चिमट्यांनी तसा पाहिला नव्हता. तो आरडाओरड करणारा राग नव्हता.

“आत अजून दोघं आहेत,” धाकटा म्हणाला. “मी त्यांना सांगितलं होतं, पान माझ्या दादाच्या हातचं आहे.”

तो वळला आणि दालनाकडे धावत गेला.

चिमट्यांनी त्याच्या मागे पाहिले, आणि त्यांना टाकीचे पोट दिसले. खालच्या सांध्यावर छपरातल्या फटीतून उन्हाचा पट्टा पडला होता. त्या उजेडात सांध्याची रेघ लांबच लांब गेली होती. मधोमध ती बारीक झाली, थांबली. दोन्ही टोके खाली वळली.

ऊन डोळ्यांवर येते आहे, असे त्यांच्या बुद्धीने सांगितले. पोलाद असे वळत नाही, असेही सांगितले. फट बोटभरही नव्हती, आणि तिच्यातून वायू बाहेर येत नव्हता. आत काळोखही नव्हता. काही तरी फिकट, सपाट, कागदासारखे आतल्या बाजूने सांध्याला लागून सरकत होते, डावीकडून उजवीकडे, सावकाश. टोकाशी पोचले, क्षणभर थांबले, आणि ओळ वाचून संपवलेला माणूस दुसऱ्या ओळीवर येतो तसे मागे वळले. भिंतीवर त्याच्या समोर सातवे पान चिकटवलेले होते.

टक्.

पहिला जोडीदार दारातून बाहेर पडला, धडपडत. “पळा!” तो ओरडला. दुसरा बाहेर आला नव्हता. धाकटा आत होता. त्याची हाक ऐकू येत होती, मग ऐकू येईनाशी झाली. सुस्काऱ्याचा आवाजही थांबला. दालनात अशी शांतता पसरली, जशी पान यंत्रावर चढवण्याच्या आधीची असते.

फाटकाशी माणसे जमली होती. पहारेकरी चिमट्यांचा दंड धरून मागे ओढत होता. ते ओरडतील, शिव्या देतील, कोणाचा तरी उद्धार करतील, असेच जमलेल्यांना वाटले असावे. त्यांनी तोंडही उघडले नाही. त्यांनी पहारेकऱ्याची बोटे एकेक करून आपल्या दंडावरून सोडवली, शांतपणे, जपून, खिळा सुटा करावा तशी. आणि मधले मोकळे अंगण ओलांडून ते त्या उघड्या दाराकडे चालू लागले. उंबऱ्याशी पोचल्यावर त्यांनी धाकट्याला आईने ठेवलेल्या नावाने हाक मारली, आणि आत गेले.